ऑफिस २०१६ वरून २०२४ वर आल्यापासून पॉवरपॉइंट रखडतंय, प्रोजेक्टर जोडला की बंद पडतंय

भूगोल_अकरावी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० आणि ऑफिस २०१६ या दोन्हींचा सपोर्ट एकाच दिवशी संपला. म्हणून लॅपटॉपवर विंडोज ११ आणि ऑफिस २०२४ (६४ बिट) एकाच आठवड्यात टाकून घेतलं. आधीचं ऑफिस ३२ बिट होतं.

लॅपटॉप: आय५, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, एसएसडी. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि शिवाय वेगळं २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड.
फाइल: पीपीटीएक्स, २४० स्लाइड, ४१० एमबी. अकरावीचा भूगोल, नकाशे, फोटो, १४ व्हिडिओ. बऱ्याच स्लाइड जुन्या पीपीटी फाइलींमधून उचलून आणलेल्या.

काय होतं ते क्रमाने लिहिते.

१. फाइल उघडायला ३-४ मिनिटं. आधी अर्ध्या मिनिटात उघडायची.
२. टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं.
३. स्लाइड ८७ वर (सह्याद्रीतल्या नद्यांची खोरी) आलं की "नॉट रिस्पॉन्डिंग".
४. वर्गात एचडीएमआय जोडून एफ५ दाबलं की पाचातून तीनदा पॉवरपॉइंट बंद.
५. जुन्या स्लाइडवरचा मराठी मजकूर चौकटीबाहेर जातो. काही स्लाइडवर तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.
६. भूकंपलहरींचं फ्लॅश अ‍ॅनिमेशन होतं तिथे रिकामी चौकट.

ऑफिस काढून पुन्हा टाकलं, काही फरक नाही. २०१६ वर परत जावं का? सोमवारपासून तास सुरू होतात.

---

तंत्रसोबती

परत जाऊ नका. २०१६ ला आता सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत, आणि तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टींचं मूळ ऑफिसच्या आवृत्तीत नाही. पुन्हा इन्स्टॉल करून फरक पडला नाही त्याचं कारणही हेच. त्याने फक्त प्रोग्रामच्या फाइली नव्या येतात. अ‍ॅड-इन (पॉवरपॉइंटला जोडले जाणारे छोटे जादा प्रोग्राम), ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर), प्रिंटर आणि तुमची ४१० एमबीची फाइल जिथल्या तिथे राहते.

विंडोज आणि ऑफिस एकाच वेळी बदलल्यामुळे संशयित दोन झाले आहेत. म्हणून आधी दुखणं मशीनचं, प्रोग्रामचं की फाइलचं ते वेगळं करा. त्याला वीस मिनिटं पुरतात.

आधी कोरं प्रेझेंटेशन उघडा, चार स्लाइड करा, प्रत्येकीवर मजकूर टाइप करा. इथेही अक्षरं उशिरा उमटत असतील तर तेवढ्यापुरता तुमच्या फाइलचा दोष नाही. मग पॉवरपॉइंट बंद करून कंट्रोल की दाबून ठेवा आणि आयकॉनवर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का असं विचारेल, हो म्हणा. सेफ मोडमध्ये अ‍ॅड-इन लोड होत नाहीत. इथे टायपिंग सुरळीत झालं तर दोषी अ‍ॅड-इन.

अ‍ॅड-इनची यादी फाइल – ऑप्शन्स – अ‍ॅड-इन्स इथे आहे. खाली "मॅनेज" मध्ये "कॉम अ‍ॅड-इन्स" निवडून "गो" दाबा. सगळ्या टिचक्या काढा, पॉवरपॉइंट पुन्हा सुरू करा, मग एकेक परत लावत जा. पीडीएफ बनवणारे, ऑनलाइन मीटिंगचे आणि स्मार्ट बोर्डबरोबर आलेले अ‍ॅड-इन आधी तपासा. ३२ बिटसाठी लिहिलेले जुने कॉम अ‍ॅड-इन ६४ बिट ऑफिसमध्ये लोडच होत नाहीत. त्यामुळे मेनूतलं एखादं ओळखीचं बटण गायब झालं असेल तर त्या अ‍ॅड-इनची ६४ बिट आवृत्ती टाकावी लागेल. मॅक्रोंचंही (फाइलमध्ये लिहिलेल्या छोट्या आपोआप चालणाऱ्या आज्ञांचंही) तसंच. विंडोजची फंक्शनं वापरणाऱ्या "डिक्लेअर" ओळीत "पीटीआरसेफ" हा शब्द नसेल तर ६४ बिटमध्ये मॅक्रो चालत नाही.

हे वाचून ३२ बिट परत टाकण्याचा मोह टाळा. तुमच्या आकाराच्या फाइलला ६४ बिटच योग्य, कारण ३२ बिट प्रोग्रामला मशीनमधली सगळी रॅम वापरता येत नाही.

प्रोजेक्टर जोडल्यावर बंद पडतं, त्याची नोंद विंडोजकडे असते. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक – इव्हेंट व्ह्यूअर – विंडोज लॉग्ज – अ‍ॅप्लिकेशन. बंद पडल्याच्या वेळेची, लाल खुणेची, इव्हेंट आयडी १००० ची नोंद शोधा (नुसतं गोठलं असेल तर १००२). १००० च्या नोंदीत "फॉल्टिंग मॉड्यूल नेम" (बिघाड झालेल्या भागाचं नाव) ही ओळ महत्त्वाची. मॉड्यूलचं नाव "एनव्ही", "आयजी" किंवा "एटीआय" या अक्षरांनी सुरू होत असेल तर ते ग्राफिक्स ड्रायव्हरचं आहे. "पीपीकोअर" असेल तर ते पॉवरपॉइंटचं स्वतःचं, आणि तेव्हा फाइलमधल्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूवर संशय घ्यावा. "एनटीडीएलएल" दिसलं तर त्यावरून काहीच ठरवू नका. गोंधळ दुसऱ्या कुणी घातलेला असतो, फक्त उघडकीला तिथे येतो.

ती ओळ इथे टाका.

---

खटपट्या

ताई, उघडायला वेळ लागतोय त्यासाठी सगळ्यात आधी डिफॉल्ट प्रिंटर बघा. ऐकायला विचित्र वाटेल, पण पॉवरपॉइंट फाइल उघडताना डिफॉल्ट प्रिंटरकडे चौकशी करतं. तो प्रिंटर कॉलेजच्या नेटवर्कवरचा असेल आणि तुम्ही घरी असाल, तर उत्तराची वाट बघत बसतं.

सेटिंग्ज – ब्लूटूथ अँड डिव्हायसेस – प्रिंटर्स अँड स्कॅनर्स इथे जा. "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर" बंद करा, नाहीतर विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर पुन्हा डिफॉल्ट करून टाकतं. मग "प्रिंट टू पीडीएफ" डिफॉल्ट करा. तो मशीनमध्येच असतो, त्यामुळे उत्तर लगेच मिळतं.

दुसरं, लिंक. एक्सेलमधून आलेखांची लिंक दिली असेल आणि ती एक्सेल फाइल जुन्या पेन ड्राइव्हवर किंवा आता नसलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर असेल, तर पॉवरपॉइंट तिला शोधत राहू शकतं. फाइल – इन्फो मध्ये उजवीकडे अगदी खाली "एडिट लिंक्स टू फाइल्स" दिसतंय का बघा. लिंकच नसेल तर तो पर्याय दिसत नाही. दिसला तर मेलेल्या लिंकवर "ब्रेक लिंक" करा. आलेख चित्रासारखा जागेवर राहतो, फक्त एक्सेलमधले बदल आपोआप येणं थांबतं.

तिसरं, फाइल कुठे ठेवलीय? विंडोज ११ टाकताना "डॉक्युमेंट्स" आणि "डेस्कटॉप" हे फोल्डर नकळत वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडले जाऊ शकतात. मग ऑटोसेव्ह चालू असताना एवढ्या मोठ्या फाइलमधला प्रत्येक बदल इंटरनेटवर चढवायची धडपड चालते. सी ड्राइव्हवर थेट एक नवा फोल्डर करा, फाइल त्यात कॉपी करा आणि तिथून उघडून बघा. पेन ड्राइव्हवरून उघडत असाल तर तेही बंद करा. आधी लॅपटॉपवर कॉपी, मग उघडा.

---

पडद्यामागे

चौथ्या मुद्द्यापुरतं लिहितो. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआय जोडताच डिस्प्लेची पुन्हा मांडणी होते. त्याच क्षणी एफ५ दाबलं तर प्रेझेंटर व्ह्यू (प्रोजेक्टरवर स्लाइड आणि लॅपटॉपवर टिपणं दाखवणारी सोय) दोन पडदे उभे करायला जातो आणि ड्रायव्हर कच्चा असेल तर तिथेच कोसळतो. म्हणून केबल आधी जोडा, विंडोज की आणि पी दाबून "एक्सटेंड" किंवा "डुप्लिकेट" ठरवा, चित्र स्थिर होऊ द्या, आणि मग पॉवरपॉइंट उघडा. स्लाइड शो चालू असताना केबल काढू-घालू नका.

पॉवरपॉइंट कुठलं ग्राफिक्स वापरेल ते नक्की करून टाका. सेटिंग्ज – सिस्टिम – डिस्प्ले – ग्राफिक्स. यादीत पॉवरपॉइंट नसेल तर प्रोग्राम फाइल्स – मायक्रोसॉफ्ट ऑफिस – रूट – ऑफिस१६ या फोल्डरमधून घ्या. ऑफिस २०२४ असूनही फोल्डरचं नाव ऑफिस१६ च असतं, गोंधळू नका. तिथे "पॉवर सेव्हिंग" निवडलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरलं जातं. स्लाइडसाठी ते पुरेसं आहे.

मग फाइल – ऑप्शन्स – अ‍ॅडव्हान्स्ड – डिस्प्ले मध्ये "डिसेबल स्लाइड शो हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन" ला टिचकी द्या. हा तपासण्यापुरता उपाय समजा. याने बंद पडणं थांबलं तर ड्रायव्हर दोषी हे पक्कं. मग लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा विंडोज ११ चा ड्रायव्हर घ्या, टाका, आणि टिचकी काढून टाका. ती तशीच ठेवली तर मॉर्फ (एक स्लाइड दुसरीत हळूहळू बदलण्याचा परिणाम) आणि व्हिडिओ अडखळतील.

डिव्हाइस मॅनेजर – डिस्प्ले अडॅप्टर्स मध्ये "बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं दिसलं तर विंडोज बदलताना खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. मग बाकी काही शोधण्याआधी तोच टाका.

सोमवारी काही जमलं नाही तर स्लाइड शो टॅबमधली "यूज प्रेझेंटर व्ह्यू" ची टिचकी काढा आणि "डुप्लिकेट" वर चालवा. टिपणं दिसणार नाहीत, पण तास होईल.

---

तंत्रसोबती

आता फाइलकडे वळू. मूळ फाइलला हात लावू नका, सगळं प्रतीवर करा.

प्रतीचं एक्सटेन्शन पीपीटीएक्स काढून झिप करा. (एक्सटेन्शन दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू – शो – फाइल नेम एक्सटेन्शन्स.) पीपीटीएक्स ही मुळात झिपच असते. आत "पीपीटी", त्यात "मीडिया" फोल्डर. आकारानुसार लावा. ४१० पैकी तीनशेच्या वर एमबी दहा-पंधरा वस्तूंनीच अडवलेले असतील तर नवल नाही. टिफ, बीएमपी, एव्हीआय, डब्ल्यूएमव्ही दिसले की लिहून ठेवा. कुठली वस्तू कुठल्या स्लाइडवर आहे ते "स्लाइड्स" मधल्या "रेल्स" फोल्डरात कळतं. त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडतात. मात्र तिथला स्लाइड क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक जुळेलच असं नाही. स्लाइड मागे-पुढे केल्या तरी आतली नावं बदलत नाहीत.

फोटोंचं गणित पाहा. ६००० × ४००० पिक्सेलचा जेपीजी डिस्कवर ५ एमबीचा असतो, पण पडद्यावर आणण्यासाठी तो पूर्ण उलगडावा लागतो. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर ९६ एमबी. असे तीस फोटो म्हणजे जवळजवळ २.९ जीबी, आणि तुमच्याकडे एकूण रॅम ८. रुंद स्लाइड १३.३३ इंचांची आणि प्रोजेक्टर १९२० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला १४४ पिक्सेल. त्यामुळे १५० पीपीआय पुरतं. कुठलंही चित्र निवडा, पिक्चर फॉरमॅट – कॉम्प्रेस पिक्चर्स, "अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर" ची टिचकी काढा, "डिलीट क्रॉप्ड एरियाज" ठेवा, १५० निवडा. ज्या नकाशात झूम करून गावांची नावं दाखवायची आहेत तो आधी दुसऱ्या फाइलमध्ये बाजूला काढून ठेवा, नाहीतर तोही पुसट होईल.

व्हिडिओ एमपी४ मध्ये हवेत, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी. फाइल – इन्फो – कॉम्प्रेस मीडिया मध्ये वर्गासाठी ७२० पी चालतं. नव्या मोबाइलवरचे व्हिडिओ अनेकदा एचईव्हीसी या वेगळ्या पद्धतीत असतात. त्याचा कोडेक (तो व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) मशीनवर नसेल तर काळी चौकट आणि नुसता आवाज.

मास्टर (स्लाइडांच्या मांडणीचा साचा) हे दुर्लक्षित कोठार. दुसऱ्या फाइलमधली स्लाइड "कीप सोर्स फॉरमॅटिंग" करून चिकटवली की तिचा मास्टर आणि सगळे लेआउटही सोबत येतात. व्ह्यू – स्लाइड मास्टर उघडा. डावीकडे वीस-पंचवीस मास्टर दिसले तर माउस नेल्यावर "यूज्ड बाय नो स्लाइड्स" असं येणारे काढून टाका. प्रत्येकाच्या पार्श्वभूमीत मोठं चित्र असू शकतं.

स्लाइड ८७ बद्दल माझा अंदाज असा: नद्यांचा नकाशा नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून ईएमएफ करून आणला असावा. त्यात चित्र नसतं, हजारो बिंदूंच्या रेषा असतात. प्रत्येक वळण, प्रत्येक ओढा. स्लाइड पडद्यावर येताना, थंबनेल बनताना आणि अ‍ॅनिमेशन असेल तर पुन्हा पुन्हा त्या सगळ्या रेषा नव्याने आखाव्या लागतात. कॉम्प्रेस पिक्चर्सचा यावर काही परिणाम होत नाही. ऑल्ट आणि एफ१० दाबून सिलेक्शन पेन उघडा. "फ्रीफॉर्म" नावाच्या शेकडो ओळी दिसल्या तर नकाशा कधीतरी अनग्रुप झालेला आहे, आणि ते आणखी जड.

मूळ नकाशा असेल तर त्याच सॉफ्टवेअरमधून १९२० पिक्सेल रुंदीचा पीएनजी काढा. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) असेल तर व्हेक्टर – जिऑमेट्री टूल्स – सिम्प्लिफाय ने रेषा आधी हलक्या करता येतात. मूळ नसेल तर नकाशा स्लाइडभर मोठा करा, कट करा आणि पेस्ट स्पेशल – पीएनजी. खोरी एकेक उलगडत दाखवायची असतील तर प्रत्येक खोऱ्याचा पारदर्शक पार्श्वभूमीचा वेगळा पीएनजी करा: कृष्णा, भीमा, गोदावरी, आणि पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांचा एक. चार चित्रं एकावर एक ठेवून अ‍ॅनिमेशन दिलं तर मशीनला जडही जात नाही.

८७ काढूनही फाइल कोसळत राहिली तर अर्ध्या-अर्ध्याने शोधा. नव्या कोऱ्या फाइलमध्ये न्यू स्लाइड – रियूज स्लाइड्स वापरून आधी १ ते १२०. ठीक चालल्या तर दोष उरलेल्यांत. मग ६०, ३०, १५. २४० स्लाइड असल्या तरी जास्तीत जास्त आठ फेऱ्यांत एका स्लाइडवर पोचता. एकेक स्लाइड काढून बघण्यापेक्षा हे फार लवकर होतं.

---

अक्षरवाट

पाचव्या मुद्द्यात दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना एकच औषध देऊ नका.

जिथे मराठी वाचता येतेय पण चौकटीबाहेर जातेय, तिथे बहुधा मंगल फॉन्ट नाही. विंडोज ११ नव्याने टाकलं की देवनागरीसाठी निर्मला असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट पुरवणी संचात गेले आहेत. सेटिंग्ज – सिस्टिम – ऑप्शनल फीचर्स – व्ह्यू फीचर्स इथे "देवनागरी" शोधा आणि "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" टाका. भाषांमध्ये मराठी जोडली तरी हा संच येतो. फॉन्ट नसला की पॉवरपॉइंट दुसरा फॉन्ट लावतं, त्याची रुंदी-उंची वेगळी, ओळी सरकतात. "श्रिंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो" लावलेल्या चौकटींचा आकार मग पुन्हा मोजावा लागतो. मजकूर भरपूर असेल तर टायपिंग मंदावायला हेही हातभार लावतं.

वर्गातल्या किंवा दुसऱ्याच्या मशीनवर चालवायचं असेल तर फाइल – ऑप्शन्स – सेव्ह मध्ये "एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल" ला टिचकी द्या.

जिथे इंग्रजी अक्षरं दिसतायत तो मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) नाही. जुन्या डीटीपी पद्धतीच्या फॉन्टमध्ये साठवलेलं अक्षर खरोखरच इंग्रजी असायचं, फॉन्ट त्यावर मराठीचा आकार चढवायचा. जुन्या विंडोजवर तो फॉन्ट होता, आता नाही. इथे होम – रिप्लेस – रिप्लेस फॉन्ट्स ने मंगल लावला तर काहीही सुधारणार नाही, कारण आत "क" नाहीच. मजकूर कॉपी करून त्या विशिष्ट फॉन्टच्या युनिकोड परिवर्तकातून काढावा लागेल. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून फॉन्टचं नाव आधी टेक्स्टवर क्लिक करून वाचून घ्या. परिवर्तनानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच राहतात. "पर्जन्य", "किनारपट्टी", "पर्वतरांग" असे शब्द शोधून पाहिलेत तर लगेच कळेल.

---

खटपट्या

फ्लॅशचं राहिलं. फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला, आणि ऑफिस २०२४ मध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स नियंत्रणं (असे प्लेअर स्लाइडच्या आत चालवणारी सोय) मुळातच बंद असतात. ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन ती सुरू करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्लेअरच नाही, त्यामुळे चौकट रिकामीच राहील, आणि बाहेरून आलेल्या फाइलींना मात्र वाट मोकळी होईल.

मूळ एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची) फाइल कुठे जपली असेल तर रफल नावाच्या मुक्तस्रोत प्लेअरमध्ये चालवून बघा. चालली की स्क्रीन रेकॉर्ड करून एमपी४ करा आणि स्लाइडवर तो टाका.

---

भूगोल_अकरावी

सगळ्यांचे मनापासून आभार. जे केलं आणि जे दिसलं ते लिहिते.

टायपिंग: कोऱ्या फाइलमध्येही अक्षरं उशिरा येत होती, सेफ मोडमध्ये नाही. एकेक करत पीडीएफचा जुना अ‍ॅड-इन सापडला, टिचकी काढली, आता अक्षर लगेच उमटतं.
उघडणं: डिफॉल्ट प्रिंटर कॉलेजचाच होता. बदलल्यावर ३ मिनिटं ४० सेकंदांवरून १ मिनिट १०. तीन मेलेल्या लिंक तोडल्यावर ४५ सेकंद.
बंद पडणं: इव्हेंट १०००, मॉड्यूल ग्राफिक्स ड्रायव्हरचं. "पॉवर सेव्हिंग" केलं, ड्रायव्हर नवा टाकला, घरच्या टीव्हीला जोडून दहा वेळा एफ५ दाबलं, एकदाही बंद पडलं नाही.
स्लाइड ८७: ईएमएफच होता. पीएनजी केल्यावर लगेच उघडते.
फाइल: न वापरलेले १७ मास्टर काढले, फोटो १५० वर, व्हिडिओ ७२० पी. ४१० ची ९६ एमबी झाली आणि आता १८ सेकंदांत उघडते.

मंगल टाकला, मजकूर जागेवर आला. डीटीपी फॉन्टच्या ३१ स्लाइड आहेत, त्या सावकाश करेन. एकच अडचण: ८७ वरच्या नकाशात पुढे एखाद्या धरणाचं नाव बदलायचं झालं तर?

---

तंत्रसोबती

ईएमएफ असलेली ती एक स्लाइड "नकाशे-मूळ" अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बदल तिथे करा आणि नवा पीएनजी वर्गाच्या फाइलमध्ये आणा. तिथल्या जुन्या चित्रावर उजवं क्लिक करून "चेंज पिक्चर" म्हणा, म्हणजे जागा, आकार आणि अ‍ॅनिमेशन तसंच राहील. त्याहून सोपं म्हणजे धरणांची नावं चित्रात ठेवूच नका. नावांशिवायचा पीएनजी काढा आणि वर साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये युनिकोड मराठीत नावं लिहा.

अ‍ॅड-इनची नुसती टिचकी काढली असेल तर ते सॉफ्टवेअर अपडेट झालं की टिचकी परत येऊ शकते. लागत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधून सॉफ्टवेअरच काढून टाका. पीडीएफ पॉवरपॉइंटच्या फाइल – एक्सपोर्ट मधूनही होते.